सरावाची ब्रॉडस्वर्ड घेताना आधी टोपली बघा

ग्लासगोतल्या आमच्या क्लबमध्ये स्कॉटिश ब्रॉडस्वर्ड शिकवतात: सरळ, रुंद, दुधारी पातं आणि अख्ख्या पंजाला वेढणारी लोखंडी पट्ट्यांची टोपली. आधी क्लबची नायलॉनची वापरायचे. मग ही स्टीलची घेतली, त्याला आता वर्ष होत आलं.

पातं 82 सेंमी, वजन सव्वा किलोच्या आसपास. धार अर्थातच नाही. कडा बोथट, टोक गोल. पात्याबद्दल तक्रार नाही. भोसकलं की समोरच्याच्या जॅकेटवर नीट वाकतं, पण वार अडवला की उगाच डुलत नाही.

खरी परीक्षा टोपलीची. लाँगस्वर्डचे, म्हणजे दोन हातांनी धरायच्या लांब तलवारीचे, ते गुबगुबीत हातमोजे आत शिरतच नाहीत. पातळ कातडी मोजा घातला तर जोरदार वार बसल्यावर अंगठ्याचं पेर आतून पट्टीवर आपटतं, कारण आमच्याकडे अंगठा मुठीच्या पाठीवर सरळ ठेवायला शिकवतात. हँगिंग गार्ड या बचावाच्या पवित्र्यात मूठ कपाळाच्या वर आणि टोक खाली असतं. तिथे मनगट वळवलं की मागची पट्टी नेमकी हाडावर टोचते. शेवटी आतून जाड फेल्ट चिकटवलं, वर मऊ कातडं. जुन्या तलवारींनाही आतून असं अस्तर असायचं, मग कारखानदाराला ते का सुचू नये? आता मध्यम जाडीचा मोजा घालून तासभर खेळते, हात शाबूत असतो.

मुठीच्या टोकाचा नट ढिला होतो. मूठ खुळखुळली की थांबायचं आणि आवळायचं, खेळ संपायची वाट बघायची नाही. पात्यावर उठलेले बारीक कंगोरे दर वेळी कानशीने घासावे लागतात, नाहीतर जॅकेट फाटतं. इथल्या दमट हवेत पातं पुसून होतं, पण टोपलीच्या जोडांत गंज धरतो. शिलाई मशीनचं तेल आणि जुना टूथब्रश, दुसरा उपाय मिळाला नाही.

नुकतं शिकायला लागलेल्यांनी मात्र स्टीलची घाई करू नये. सिंगलस्टिक घ्या: लाकडी काठी, मुठीला वेताची किंवा कातड्याची टोपली. फरी-गदका खेळलेल्यांना ती लगेच हातात बसेल. 1904च्या ऑलिंपिकमध्ये तिची स्पर्धाही झाली होती. स्वस्त पडते, हलकी असते आणि मोडली तर फक्त काठी बदलायची. मुखवटा मात्र काठीलाही हवाच.