अकरा कॅसेट आणि हॅमरस्मिथची दुपार

गेल्या महिन्यात माझ्या अकरा जुन्या कॅसेट संगणकावर उतरवून घेतल्या. लंडनमध्ये साउथॉल ब्रॉडवेच्या मागच्या गल्लीत, कापडाच्या दुकानावरच्या माडीवर एक सरदारजी हे काम करतात. दाराला पाटी नाही. खाली दुकानात विचारलं की जिना दाखवतात. गुरुवार ते शनिवार, दुपारी बारानंतर. एका कॅसेटचे १५ पौंड, कॅसेट उघडून दुरुस्त करावी लागली तर वर आणखी १० पौंड. स्वस्त नाही. तरीही ज्यांच्या घरी भांगड्याच्या कॅसेट खोक्यात पडून आहेत त्यांनी खोकं उचलावं आणि तिथे जावं, असं मी अगदी मनापासून सांगते.

याआधी मी एकदा हात पोळून घेतला होता. दोन कॅसेट टपालाने एका कंपनीकडे पाठवल्या. परत आलेली फाइल इतकी घासूनपुसून स्वच्छ केली होती की ढोलाची थाप डब्यावर बोट वाजवल्यासारखी येत होती, आणि गर्दीचा आवाज तर पार गायब. मला गर्दीच हवी होती. गाणी काय, आज कुठेही मिळतात.

ही गर्दी कुठली, ते सांगायला हवं. मी १९८४ साली चौदा वर्षांची असताना गिरगावातून थेट लंडनच्या हाउन्सलोला आले. वर्गात निम्म्या मुली पंजाबी, बाकीच्यांत गुजराती बऱ्याच, मराठी मी एकटी. त्या काळात आमच्यासारख्या घरांतून मुलींना रात्री बाहेर जायची परवानगी मिळणं शक्यच नव्हतं. मुलांनाही नाइटक्लबच्या दारावर रंग बघून परत पाठवायचे. म्हणून भांगड्याचे कार्यक्रम भर दुपारी व्हायचे. त्यांना डेटायमर म्हणत. लंडन, बर्मिंगहॅम, ब्रॅडफर्ड, सगळीकडे. शाळा-कॉलेज बुडवून पोरं बस भरभरून यायची. सलवार-कमीज दप्तरात, जीन्स अंगावर. आणि संध्याकाळी उलट. कपडे बदलायला स्वच्छतागृहाबाहेर मुलींची ही रांग लागायची. एकमेकींच्या वेण्या सोडायच्या, पुन्हा घालून द्यायच्या. साडेपाचला सगळ्याजणी वाचनालयातून आल्यासारख्या घरी.

अलाप, हीरा, प्रेमी, डीसीएस, अपना संगीत हे भांगड्याचे बँड म्हणजे आमची दैवतं. ढोल आणि तुंबी या एकतारी पंजाबी वाद्याच्या जोडीला सिंथेसायझर, ड्रम मशीन. या कॅसेट किराणा दुकानात, मेथीच्या जुड्यांशेजारी मिळायच्या. अशा दुकानांतली विक्री इथल्या चार्टवाल्यांच्या हिशेबात धरलीच जायची नाही. त्यामुळे आमच्या घराघरात वाजणारी गाणी देशाच्या यादीत कधी दिसली नाहीत. मला त्याचा तेव्हाही राग यायचा, आजही येतो. मला पंजाबी येत नव्हतं. मैत्रिणीने शब्द देवनागरीत लिहून दिले होते, ते मी भूगोलाच्या वहीत चिकटवले होते. आपल्याला न येणाऱ्या भाषेत हजारभर मुलांबरोबर घसा फोडून गायचं, आणि त्यात कुणी 'तू कुठली' असं न विचारणं. त्या वयात मला यापेक्षा मोठं काही मिळालेलं नाही.

अकरापैकी दहा कॅसेट विकतच्या होत्या. अकरावी माझी. साठ मिनिटांची टीडीके. १९८७ च्या हिवाळ्यातल्या एका बुधवारी लंडनच्या हॅमरस्मिथ पॅले या नाचाच्या हॉलमध्ये हीराचा कार्यक्रम होता. बाबांचा छोटा रेकॉर्डर कोटाच्या आत लपवून नेला आणि उभ्या उभ्या रेकॉर्ड केलं. तो हॉल २००७ मध्ये बंद झाला, पुढे पाडलासुद्धा. तिथला माझा पुरावा एवढाच.

सरदारजींनी कॅसेट हातात घेतली, चष्मा कपाळावर चढवला आणि खिडकीच्या उजेडात धरली. टेपला हेडवर, म्हणजे डेकमधल्या आवाज वाचणाऱ्या भागावर, दाबून धरणारा नमद्याचा इवलासा तुकडा गळून पडला होता. "भैनजी, ही अशीच लावली तर आवाज येईल आणि जाईल," म्हणाले. जुनं कवच चिकटवलेलं, त्याला स्क्रू नव्हते. त्यांनी ते पातळ पात्याने कडेकडेने उघडलं आणि दोन्ही चकत्या स्क्रूवाल्या नव्या कवचात बसवल्या. टेपला एकदाही बोट लागू दिलं नाही. मी शेजारीच स्टुलावर बसले होते. ते बसू देतात, ही मोठीच गोष्ट.

मग हेड जुळवणं. डेकच्या हेडशेजारी एक बारीक स्क्रू असतो. तो केसभर फिरवला आणि तोंडावरची गोधडी बाजूला व्हावी तसा आवाज मोकळा झाला. प्रत्येक कॅसेट वेगळ्या यंत्रावर भरलेली असते, म्हणून प्रत्येकीसाठी हे नव्याने करावं लागतं, असं त्यांनी सांगितलं. टपालवाल्या कंपनीने माझ्या दोन्ही कॅसेट नुसत्या लावून दिल्या असणार, हे मला तेव्हा कळलं.

खरं कौशल्य पुढे दिसलं. कार्यक्रम सुरू असताना माझ्या रेकॉर्डरचे सेल उतरत गेले होते. सेल उतरले की टेप हळू फिरते, आणि हळू भरलेली टेप नेहमीच्या वेगाने लावली की सगळं भराभर आणि चिरक्या आवाजात ऐकू येतं. शेवटच्या गाण्यात गायक दहा वर्षांचा मुलगा वाटत होता. इतकी वर्षं मी ते तसंच ऐकत आले. सरदारजी म्हणाले, गाण्यांकडे लक्ष देऊ नका, गाणं संपल्यावर ऐका. दोन गाण्यांच्या मधे हॉलच्या स्पीकरांची घुंऽऽ अशी घरघर येते. इथली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे ती घरघर तिच्या दुप्पट, १०० हर्ट्झवर यायला हवी. पडद्यावर दाखवलं: सुरुवातीला १०४, शेवटी १२० च्या आसपास. त्या घरघरीला धरून त्यांनी पूर्ण टेपचा वेग मिनिटामिनिटाने दुरुस्त केला. संध्याकाळी मला फोनवर दोन मिनिटं ऐकवली. गायक मोठा माणूस झाला होता. आणि त्याच्यामागे आमच्या मुली. एक जण स्पष्ट ओरडते, "माझा बूट!" इंग्रजीत. ती माझी मैत्रीण. तिचा बूट त्या दिवशी खरंच हरवला होता आणि ती पायाला पिशवी बांधून ट्यूबने, म्हणजे भुयारी रेल्वेने, घरी गेली होती.

कॅसेट घ्यायला गेले तेव्हा ते जरा थांबून म्हणाले, "सेल संपल्यावर तुमचं रेकॉर्डिंग तुटतं. पण मी टेप शेवटपर्यंत चालवतो. पुढे एक बाई बोलतात. भाषा मला कळली नाही. काढून टाकू की ठेवू?"

ती माझी आजी होती. त्या वर्षांत गिरगावातून आम्हाला पत्रांऐवजी कॅसेट यायच्या. येणारं-जाणारं कुणी असलं की त्यांच्याबरोबर आजी कॅसेट पाठवायची. घाईत हाताला लागली ती कॅसेट उचलून मी तिच्यावरच हॅमरस्मिथ भरलं होतं. कॅसेटच्या मागचा प्लॅस्टिकचा दात कुणी तोडून ठेवला असता तर रेकॉर्डचं बटण दबलंच नसतं. दुसरी बाजू कोरी. गाणं तुटलं की मी नेहमी टेप बंद करायचे, त्यामुळे पुढे काही उरलं असेल हे मला कधी कळलंच नाही. आजी १९८९ मध्ये गेली. तिचा आवाज घरात कुणाकडेच नव्हता.

चार मिनिटं आहेत. मागे कावळे, कुकरची शिट्टी. "पोरीला कान झाकून शाळेत धाड. आणि घरी आली की आधी खायला घाल, मग कुठे होतीस ते विचार." मग, "अगं, हे चालू आहे ना अजून?" त्या भागाचा वेग सरदारजींनी बदलला नाही. तो पहिल्यापासून बरोबर होता.

तक्रारी आहेत, त्याही लिहिते. पाच आठवडे लागले, सांगितले होते तीन. फोन क्वचित उचलतात. फाइलींना नावं दिलेली नाहीत, नुसते आकडे. अकरा कॅसेटची नावं मी दोन रात्री बसून घातली. पैसे रोखच घेतात. जिना अरुंद आणि उभा आहे, गुडघे दुखत असतील त्यांनी कुणाला तरी सोबत न्यावं. जाताना दोन गोष्टी आधीच सांगा: एक, मूळ फाइल कुठलीही सफाई न करता वेगळी द्या, दोन, मला २४ बिटची वेव्ह फाइल हवी, म्हणजे आवाज न दाबता पूर्ण साठवलेली. न सांगता ते एमपीथ्री देतात, ती फोनवर ऐकायला ठीक आहे, जपून ठेवायला नाही.

माझी लेक तिशीची आहे. इथल्या तरुण दक्षिण आशियाई डीजेंनी २०२० मध्ये डेटायमर्स याच नावाने एक गट सुरू केला, त्यांच्या कार्यक्रमांना ती जाते, तेही रात्री आणि मला सांगून. तिने पेनड्राइव्ह लावून हॅमरस्मिथ पहिल्यापासून ऐकलं. बुटाच्या जागी थांबून तीन वेळा मागे नेलं. मग गाणं तुटलं आणि तिने बंद करायला हात पुढे केला, तेव्हा मी तिचा हात धरला.

आईच्या कपाटात अजून चार कॅसेट निघाल्या आहेत. येत्या गुरुवारी बारा वाजता नेऊन देणार आहे.