अटलांटाहून दोन दिवसांचे राफ्टिंग: नँटाहेला की ओकोई?

अटलांटाच्या उत्तरेकडील उपनगरांत राहणाऱ्या मराठी मित्रमंडळींत उन्हाळा लागला की राफ्टिंगचा विषय निघतो आणि चर्चा बहुधा दोन नावांपाशी येऊन थांबते. एक म्हणजे नॉर्थ कॅरोलिनातील नँटाहेला आणि दुसरे म्हणजे टेनेसीतील ओकोई. आमच्या गटाने गेल्या काही वर्षांत नँटाहेला दोनदा आणि ओकोई तीनदा केली आहे. त्या पाच फेऱ्यांच्या अनुभवावरून हे लिहीत आहे. माझे मत शेवटी एका बाजूला झुकते हे आधीच सांगितलेले बरे. ज्यांची गरज वेगळी असेल, त्यांना ते पटणार नाही याचीही मला कल्पना आहे.

ज्यांनी कोलाडला कुंडलिकेवर राफ्टिंग केले आहे, त्यांना वीजकेंद्रातून सुटणाऱ्या पाण्यावर नदी चालते हे नवीन नाही. या दोन्ही नद्याही धरणाच्या वेळापत्रकानुसार वाहतात, पण पाणी कुठून आणि कसे येते यात मोठा फरक आहे आणि माझ्या निवडीचे मूळ त्या फरकातच आहे. नँटाहेलाचे धरण १९४२ सालचे. त्यामागच्या खोल तलावातले पाणी डोंगरातल्या बोगद्यातून आणि नळातून वीजकेंद्रापर्यंत येते, म्हणजे वाटेत त्याला ऊन लागतच नाही. ओकोईवर आपण जिथून राफ्ट सोडतो ते दोन नंबरचे धरण १९१३ सालचे असून ते केवळ पाणी वळवण्यापुरते बांधलेले आहे. त्याच्यामागे खोल जलाशय नाही. तिथून एका लांबलचक लाकडी पाटाने डोंगराच्या कडेकडेने पाणी वीजकेंद्राकडे नेले जाते आणि त्यामुळे कित्येक दशके नदीचे मूळ पात्र कोरडे पडलेले असे. १९७६ साली तो पाट जीर्ण झाला म्हणून बंद करावा लागला, पाणी पात्रातून वाहू लागले आणि लोकांना त्या पात्रातल्या खळाळांचा शोध लागला. पुढे पाट दुरुस्त झाला, तरी ठरावीक दिवशी पाणी पात्रात सोडण्याची व्यवस्था कायम राहिली. राफ्टमधून जाताना तो लाकडी पाट काठाच्या चढावर दिसत राहतो. आपण ज्या पाण्यावर तरंगत आहोत ते आज त्या पाटातून गेलेले नाही, हा विचार मला दर वेळी सुखावतो.

नँटाहेलावरचा राफ्टिंगचा टप्पा ८ मैलांचा आहे आणि बहुतेक वाटेवर दुसऱ्या श्रेणीचा (खळाळ किती अवघड हे श्रेणीने सांगतात, पहिली सर्वांत सोपी आणि सहावी सर्वांत अवघड). सुरुवातीला पॅटन्स रनचे वळण येते आणि अगदी शेवटी तिसऱ्या श्रेणीचा नँटाहेला फॉल्स. मधल्या वाटेत गप्पा मारायला, वर झुकलेली झाडे बघायला आणि वल्हे मांडीवर ठेवून बसायला भरपूर सवड मिळते. दरी इतकी खोल आहे की तळाशी ऊन दुपारीच पोचते. चेरोकी भाषेतल्या तिच्या नावाचा अर्थ ‘मध्यान्हीच्या सूर्याची भूमी’ असा सांगतात आणि तिथे एकदा गेलेल्या माणसाला तो वेगळा समजावून द्यावा लागत नाही. सकाळी थंड पाण्यावर धुके पसरलेले असते. सौंदर्याच्या बाबतीत नँटाहेला उजवी आहे, हे मी मोकळेपणाने मान्य करतो.

ओकोईचा मधला टप्पा अवघा ५ मैलांचा, पण तिसऱ्या-चौथ्या श्रेणीचा. धरणाखाली राफ्ट पाण्यात पडताक्षणीच ग्रम्पीज हा पहिला खळाळ समोर असतो. गाइडच्या आज्ञा काठावर असतानाच नीट ऐकून घ्याव्या लागतात, कारण पाण्यात सरावाला जागा नाही. पुढे ब्रोकन नोज, डबल सक, टेबल सॉ, डायमंड स्प्लिटर असे एकामागून एक येत जातात आणि शेवटी पुलाजवळ वीजकेंद्राच्या अलीकडे हेल होल. ओकोईच्याच वरच्या टप्प्यावर १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमधील कनू स्लालमच्या, म्हणजे खळाळत्या पाण्यात टांगलेल्या खांबांमधून छोटी होडी वळवत नेण्याच्या, शर्यती झाल्या होत्या. मित्रमंडळींसाठी मात्र मधला टप्पाच योग्य वाटतो.

आता ज्या एका गोष्टीमुळे माझी निवड ठरली, तिच्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो. नँटाहेलाचे पाणी भर उन्हाळ्यातही साधारण ७ ते १० अंश सेल्सियस असते. हा आकडा मी जाण्यापूर्वी वाचला होता आणि वाचून सोडून दिला होता, कारण अटलांटात त्या आठवड्यात अंगाची लाही होत होती आणि गार पाणी ही आम्हाला सोयच वाटली. जूनच्या मध्यावर आम्ही सातजण सकाळी नऊच्या फेरीला गेलो. वेटसूट, म्हणजे थंड पाण्यात अंगाची ऊब टिकवणारा घट्ट पोशाख, भाड्याने मिळत होता, पण दोघांनीच तो घेतला. पहिल्या अर्ध्या तासात पायांच्या बोटांची जाणीव गेली. राफ्टच्या तळात साठलेल्या पाण्यात पाय सतत बुडालेले असतात, त्यामुळे ते वाळण्याचा प्रश्नच येत नाही. नदीचा मोठा भाग सावलीत होता आणि ऊन काठावरच्या झाडांच्या शेंड्यांवर दिसत होते, आमच्यापर्यंत येत नव्हते.

आमच्यातला एक मित्र सांगलीचा. कृष्णेत लहानपणापासून पोहलेला, पाण्याची भीती म्हणून नाही. एका शांत पट्ट्यात गाइडने हवे असल्यास पोहा असे सांगितले आणि हा उत्साहाने उतरला. डोके वर आले तेव्हा त्याला श्वास घेता येत नव्हता. तो बुडत नव्हता, लाइफ जॅकेट नीट होते, पण छाती आवळल्यासारखी होऊन त्याच्या तोंडून शब्द फुटेना आणि राफ्टच्या कडेचा दोर त्याच्या बोटांत धरवेना. गाइडने आणि मी खांद्यापाशी जॅकेटला धरून त्याला आत ओढले. पुढचा तासभर तो हात काखेत घालून मुकाट्याने बसून राहिला. नँटाहेला फॉल्स आला तेव्हा, ज्या एका खळाळासाठी आम्ही इतक्या लांब आलो होतो, त्याच्याकडे कुणाचेही धड लक्ष नव्हते. प्रत्येकाला फक्त काठ हवा होता. वर आल्यावर चहाच्या थर्मासचे झाकण उघडायला तिघांचे हात लागले. सोबत नेलेले ठेपले आणि लसणीची चटणी आम्ही गाडीत हीटर लावून, जूनमध्ये, एकमेकांशी फारसे न बोलता खाल्ली.

दुसऱ्या वेळी आम्ही सावध होतो. दुपारची फेरी घेतली, सर्वांनी वेटसूट आणि पायांत निओप्रीनचे बूट घातले आणि फरक निश्चित पडला. तरीही पाण्यात पडण्याची धास्ती मनातून गेली नाही. राफ्टिंगमध्ये पाण्यात पडणे हा आनंदाचाच भाग असावा असे मला वाटते आणि जिथे पडू नये म्हणून माणूस कडेपासून आत सरकून बसतो, तिथे त्या आनंदातले बरेचसे हरवते.

ओकोईवर पहिल्यांदा गेलो तो जुलै होता. तिथले पाणी खोल तलावाच्या तळातून येत नसल्यामुळे उन्हाळ्यात नँटाहेलाइतके गार नसते. तोच सांगलीचा मित्र टेबल सॉपाशी राफ्टमधून उडाला. पाय वर, नाक आकाशाकडे, असा शिकवल्याप्रमाणे तरंगत तो बराच खाली गेला आणि दुसऱ्या राफ्टमधल्या लोकांनी त्याला उचलले. आमच्याकडे परत आला तेव्हा तो धापा टाकत होता, पण हसत होता आणि पुन्हा पडायची तयारी असल्याचे सांगत होता. त्या दिवसाची आठवण निघाली की आजही प्रत्येकजण आपापला खळाळ सांगतो. नँटाहेलाची आठवण निघाली की आम्ही थंडीविषयी बोलतो. माझ्यापुरता हा फरक पुरेसा ठरला.

ओकोईच्या उणिवा लपवण्याचे कारण नाही. टेनेसीच्या कायद्याने १२ वर्षांखालील मुलांना तिथे नेता येत नाही. त्यामुळे दुसऱ्या वर्षी आमच्यातले एक जोडपे अकरा वर्षांच्या मुलीसाठी काठावर थांबले आणि ते सर्वांनाच खटकले. नँटाहेलावर वयापेक्षा वजनाकडे, साधारणपणे ६० पौंडांच्या मर्यादेकडे पाहतात, त्यामुळे लहान मुले असलेल्या कुटुंबांना ती सोयीची आहे. शनिवारी ओकोईवर बसेसची आणि राफ्टची रांग लागते, तर शेजारच्या महामार्गावरून ट्रक जात असतात. अर्थात नँटाहेलाच्या कडेनेही रस्ता आहेच, शिवाय रेल्वेही. ज्यांना प्रामुख्याने एकमेकांशी बोलायचे आहे, त्यांना ओकोई पाण्यात तशी संधी फारशी देत नाही. बोलणे सगळे संध्याकाळी होते.

अंतराचाही विचार करावा. आम्हाला ओकोईला साधारण दोन तास लागतात आणि नँटाहेलाला त्याहून पाऊण तास तरी जास्त. ओकोईची वाट ब्लू रिज गावावरून मकेझव्हिल आणि कॉपरहिल या जोडगावांतून जाते. दोन्ही गावे एकमेकांना चिकटलेली, मधून दोन राज्यांची सीमा. नदीही एकच, पण जॉर्जियात तिला टकोआ म्हणतात आणि सीमा ओलांडली की ती ओकोई होते. जवळच्या डोंगरांवरची झाडी तांब्याच्या खाणींनी आणि धातू गाळण्याच्या धुराने एके काळी पार नाहीशी केली होती. आज तिथे पुन्हा हिरवे दिसते. शुक्रवारी रात्री तिथल्या केबिनमध्ये मुक्काम करून शनिवारी सकाळची फेरी घेतली, तर रविवार पूर्ण मोकळा राहतो.

मुले १२ वर्षांखालची असतील किंवा गटात कुणी प्रथमच पाण्यात उतरत असेल, तर नँटाहेलाला जावे, मात्र ऑगस्टमधली दुपारची फेरी घ्यावी आणि वेटसूटचे भाडे वाचवू नये. बाकी कुणी मला विचारले, तर मी ओकोईचेच नाव सांगतो. जोडप्याची ती मुलगी आता बारा वर्षांची झाली आहे. येत्या जुलैत आम्ही नऊजण जात आहोत आणि राफ्टच्या पुढच्या जागेवर तिने आपला हक्क आधीच सांगून ठेवला आहे.