मोठी फाइल मेललाच जोडावी, तिचे तुकडे करावेत की लिंक पाठवावी?

ब्राउझरमध्ये जीमेल उघडून ४० एमबीची पीडीएफ निवडली तर ती जाते. तीच फाइल, त्याच पत्त्यावरून, संगणकावरच्या थंडरबर्ड किंवा आउटलुक या मेल प्रोग्रॅममधून पाठवायला गेलं की अडते. लहान कार्यालयांत, छापखान्यांत, आर्किटेक्टकडे हा प्रश्न नेहमी निघतो. खरं तर ब्राउझरमधलं जीमेलही २५ एमबीच्या पुढची फाइल मेलला जोडत नाही. ते ती आपणहून गूगल ड्राइव्हवर, म्हणजे गूगलच्या ऑनलाइन साठवणीत, चढवतं आणि मेलमध्ये फक्त लिंक ठेवतं. डेस्कटॉपवरचा प्रोग्रॅम ही मधली सोय करत नाही. तो अख्खी फाइल सर्व्हरच्या दारात नेतो आणि सर्व्हर ती परत पाठवतो.

म्हणून इथे निवड आपल्याला करावी लागते. माझं मत आधीच सांगतो. जे कागद उद्या पुरावा म्हणून लागू शकतात, ते लहान करून मेललाच जोडावेत. जी फाइल समोरच्याने एकदा उतरवून घेतली की काम संपतं, तिची लिंक द्यावी. तुकडे करण्याची वेळ फक्त समोरच्याकडे लिंक उघडत नसेल तेव्हाच यावी.

पण पर्याय निवडण्याआधी फाइल कुठे अडली ते पाहायला हवं, कारण प्रत्येक ठिकाणचा इलाज वेगळा.

फाइल जोडताक्षणीच नकार आला तर तो प्रोग्रॅमचा स्वतःचा आहे. क्लासिक, म्हणजे जुन्या रूपातल्या, आउटलुकमध्ये साध्या इंटरनेट खात्यांसाठी २० एमबीची मर्यादा आधीपासून घातलेली असते. ती विंडोजच्या रजिस्ट्रीत (आतल्या सेटिंगच्या साठ्यात) जाऊन वाढवता येते, पण मी तसं सुचवणार नाही. प्रोग्रॅमने सोडलं तरी पुढचा सर्व्हर अडवतोच, आणि तोवर आपली दहा मिनिटं गेलेली असतात. 'सेंड' दाबल्यावर लगेच नकार आला, तर तो आपल्या जाणाऱ्या मेलच्या सर्व्हरचा. मेल गेला असं दिसलं आणि काही वेळाने परत आला, तर बहुतेक वेळा तो समोरच्याच्या सर्व्हरने नाकारलेला असतो. परत आलेल्या इंग्रजी मजकुरात ५५२ किंवा ५.३.४ हे आकडे दिसले तर आकाराचंच कारण समजावं. अशा वेळी आपल्याकडच्या सेटिंगशी खेळून काहीच साधत नाही.

चौथा प्रकार सगळ्यात त्रासदायक. नकार येत नाही, पण हिरवी पट्टी सरकतही नाही. इथे दोष बहुधा मर्यादेचा नसून अपलोडच्या वेगाचा असतो. अनेक जोडण्यांत डाउनलोड झपझप होतं आणि अपलोड रखडतं. जाणारा मेल तपासणारा अँटिव्हायरसही मध्ये वेळ खातो. शिवाय थंडरबर्डला ठरावीक वेळ सर्व्हरकडून हालचाल दिसली नाही की तो जोडणी तोडतो. हा अवधी मुळात १०० सेकंदांचा असतो. सेटिंग्जमधल्या कॉन्फिग एडिटरमध्ये 'टीसीपीटाइमआउट' शोधून तो ३०० केला तर संथ लाइनवर बराच फरक पडतो.

थंडरबर्ड वापरणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट जरूर तपासावी. आयमॅप खात्यात (ज्यात मेल सर्व्हरवरच राहतात) थंडरबर्ड मेल एकदा पाठवतो आणि मग त्याची प्रत 'सेंट' फोल्डरमध्ये ठेवण्यासाठी तोच मेल दुसऱ्यांदा सर्व्हरवर चढवतो. अपलोडचा वेग २ एमबीपीएस (सेकंदाला २ मेगाबिट, म्हणजे पाव एमबी) असेल तर २५ एमबीच्या फाइलला, मेलमध्ये ती फुगते ते धरून, सव्वादोन मिनिटांहून थोडा जास्त वेळ लागतो, आणि दुसऱ्या फेरीसह साडेचार मिनिटं. पट्टी त्या दुसऱ्या फेरीत अडकली की माणूस 'गेला नाही' असं समजून पुन्हा पाठवतो आणि समोरच्याला एकच मेल दोनदा मिळतो. जीमेलचा सर्व्हर पाठवलेल्या मेलची प्रत स्वतःच ठेवतो. त्यामुळे जीमेल खात्यासाठी थंडरबर्डच्या खात्याच्या सेटिंगमधली प्रत ठेवण्याची खूण खुशाल काढून टाकावी.

आता आकाराचा हिशेब, कारण सगळा गोंधळ इथेच होतो. ईमेलची यंत्रणा मुळात अक्षरांसाठी बांधलेली. त्यामुळे कोणतीही फाइल मेलमधून जाताना अक्षरांच्या रूपात बदलली जाते, आणि त्यात दर ३ बाइटचे ४ बाइट होतात. ओळी तोडण्याचा खर्च धरला तर फाइल सुमारे ३७ टक्क्यांनी फुगते. डिस्कवर १९ एमबी दिसणारी फाइल वाटेत २६ एमबीची असते. आउटलुक मूळ आकार मोजून तिला सोडतो, आणि २५ एमबीची मर्यादा असलेला सर्व्हर फुगलेला आकार मोजून ती परत करतो. जीमेलने या फुगवट्याची सोय केलेली दिसते: त्याचा सर्व्हर जोडणी होताना ३,५८,८२,५७७ बाइटची मर्यादा जाहीर करतो, म्हणजे साधारण ३४ एमबी. त्यात २५ एमबीची फाइल फुगूनही बसते. सगळे सर्व्हर इतके उदार नसतात. समोरची मर्यादा २० एमबी असेल तर १४ एमबीच्या आत राहा, १० असेल तर ७ च्या आत. समोरची मर्यादा ठाऊक नसेल तेव्हाही मी ७ एमबीच धरतो.

लहान करून जोडणं

या पर्यायाचा मोठा गुण म्हणजे कागद मेलसोबतच राहतो. चार वर्षांनी एखादी नोटीस आली, तर मेल शोधला की त्यातच अटॅचमेंट सापडतं, पाठवल्याच्या तारखेसकट. करारनामे, बिलं, लेखापरीक्षणाची कागदपत्रं यांसाठी याला तोड नाही.

मात्र लहान करणं म्हणजे झिप करणं, हा समज सोडायला हवा. जेपीजी, एमपी४, वर्डच्या नव्या फाइली आणि बहुतेक पीडीएफ आतून आधीच दाबलेल्या असतात, त्यामुळे झिपने त्यांत नावापुरताच फरक पडतो. झिपचा खरा फायदा टिफ, बीएमपी आणि सीएसव्हीसारख्या फाइलींना. स्कॅन केलेल्या कागदांचा आकार स्कॅनरवरच कमी करावा. ६०० डीपीआयऐवजी (म्हणजे दर इंचातल्या ठिपक्यांऐवजी) २०० ठेवलं की ठिपक्यांची संख्या नऊपट कमी होते, आणि टाइप केलेलं पत्र २०० लाही स्वच्छ वाचता येतं. साइटवरचे फोटो पाठवायचे असतील तर क्लासिक आउटलुकमध्ये 'फाइल', मग 'इन्फो' या जागी मोठे फोटो पाठवताना लहान करण्याची सोय आहे. ती फोटो १०२४ गुणिले ७६८ मध्ये बसवते. थंडरबर्डमध्ये मूळची अशी सोय नाही, फोटो आधी लहान करून घ्यावे लागतात.

छपाईच्या कामाला हा पर्याय अजिबात वापरू नये. दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ ३०० डीपीआयवर बनवून पीडीएफ 'हलकी' केली, तर छपाईची प्लेट निघेपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही आणि छापून आल्यावर चेहऱ्यांवर चौकोन दिसतात. चित्रकाराचं काम असं खराब झालेलं पाहवत नाही. छापखान्याला जाणारी फाइल जशी आहे तशीच गेली पाहिजे.

लिंक पाठवणं

मोठ्या आणि अखंड फाइलींसाठी हाच मार्ग. दोन्ही प्रोग्रॅमची रीत मात्र वेगळी. आउटलुकची वनड्राइव्ह या मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठवणीशी थेट गाठ आहे: तिथली फाइल निवडली की लिंक द्यायची की प्रत जोडायची हे तो विचारतो, आणि कुणाला उघडता यावी हेही तिथेच ठरवता येतं. थंडरबर्डमध्ये २०१२ पासून फाइललिंक नावाची सोय आहे. ५ एमबीच्या वरची फाइल जोडली की खाली तो लिंक करण्याबद्दल सुचवतो, पण त्यासाठी ड्रॉपबॉक्स, बॉक्स किंवा नेक्स्टक्लाउड या साठवण सेवांपैकी एकीचं अ‍ॅड-ऑन (जोड-प्रोग्रॅम) आधी बसवलेलं हवं. गूगल ड्राइव्ह वापरणाऱ्यांनी फाइल ब्राउझरमधून चढवून लिंक मेलमध्ये चिकटवावी.

फुकटची जागा गूगलकडे १५ जीबी, वनड्राइव्हवर ५, ड्रॉपबॉक्सवर २. गूगलची १५ जीबी जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून आहे. ती भरली की नवे मेल येणंच थांबतं, म्हणून काम झालेल्या मोठ्या फाइली काढत राहाव्यात. खात्याशिवाय चालणाऱ्या फाइल पाठवण्याच्या साइटवर महत्त्वाचं काम सोपवू नये. मे २०२० मध्ये दूरसंचार विभागाने वीट्रान्सफर ही अशीच एक साइट बंद करायला सांगितली, तेव्हा अनेक डिझायनरांची रोजची वाट एका रात्रीत अडली होती.

लिंकमध्ये नेहमी होणारी चूक परवानगीची. ड्राइव्हवरची फाइल मुळात फक्त मालकाला दिसते. छापखान्यातला माणूस रात्री अकराला लिंक उघडतो, त्याला 'परवानगी मागा' एवढंच दिसतं आणि काम सकाळपर्यंत थांबतं. मेल पाठवण्याआधी लिंक ब्राउझरच्या खासगी खिडकीत उघडून पाहावी. तिथे उघडली तर समोरही उघडेल. गोपनीय कागद असतील तर 'ज्याच्याकडे लिंक आहे त्याला' ही परवानगी न देता समोरच्याचा मेल पत्ताच घालावा.

तुकडे करणं

काही बँका आणि सरकारी कार्यालयांत ड्राइव्हच्या लिंक उघडू देत नाहीत. तिथे सेव्हन-झिप या फाइली दाबण्याच्या प्रोग्रॅममध्ये 'स्प्लिट टू व्हॉल्यूम्स' या जागी ७एम लिहिलं की ००१, ००२ अशा शेपट्यांचे भाग तयार होतात. समोरच्याने सगळे भाग एकाच फोल्डरमध्ये ठेवून ००१ उघडायचा. यातला एक भाग जरी पोचला नाही, तरी फाइल अखंड परत मिळत नाही. शिवाय अनोळखी शेपटीची फाइल काही सर्व्हर संशयाने अडवतात. म्हणून प्रत्येक मेलच्या विषयात '३ पैकी १' असं लिहावं, आणि सगळे भाग मिळाल्याचं फोनवर विचारून घ्यावं.