स्लॅग फुगते का ते याच लॅबमध्ये तपासा, फक्त लाईटचं बघा (4 स्टार)

पांदण रस्त्याचं काम घेतलं होतं देवळी साइडला, मुरूम मिळून नाही राहिला तर सप्लायरने स्टील प्लांटची स्लॅग (पोलाद बनवताना निघते ती मळी) गळ्यात मारली, म्हणे गिट्टीपेक्षा मजबूत आहे भाऊ. आता सुरतजवळ हजिऱ्याला 2022 मध्ये स्लॅगचा सहा पदरी रस्ता झालाच, पण ती प्रोसेस केलेली होती, माझी सरळ ढिगावरची. तिच्यात कच्चा चुना राहते, पाणी लागलं की फुगते. अन् आमच्याकडे खाली काळी माती, म्हणजे खालचंही फुगणार नि वरचंही.

अगोदर दुसऱ्या एका लॅबने चार दिवस साध्या पाण्यात मोल्ड (नमुना भरलेला साचा) बुडवून 'स्वेल निल', म्हणजे फुगतच नाही, असं लिहून दिलं. चार दिवस थंड पाण्यात काय डोंबल कळणार!

इथल्या पोराने पहिलं विचारलं, ढिगाच्या कुठून काढलं? मी म्हटलं वरूनच. पोतं वापस पाठवलं त्याने. डिझेल गेलं, लय राग आला, पण बरोबर होतं त्याचं, वरची पावसापाण्याने अगोदरच फुगलेली असते. मग सीबीआर मोल्डमध्ये (रस्त्याच्या मातीच्या टेस्टचा लोखंडी साचा) कुटून 70 डिग्रीच्या पाण्यात सात दिवस. फुगायची लिमिट अर्धा टक्का, म्हणजे सव्वाशे मिलिमीटरच्या नमुन्यात जेमतेम 0.63. बघायला बोलावतात, लपवत नाहीत काही. पाचव्या दिवशी गेलो तर डायल गेजचा (किती फुगलं ते मोजायच्या घड्याळाचा) काटा पूर्ण एक फेरी मारून पुढं गेलेला, म्हणजे मिलिमीटरच्या वर! मोल्ड काढल्यावर वर पांढरे ठिपके, नखाने खरवडलं तर पीठ. गरम पाणी काऊन तर म्हणे चुना लवकर विझते, मॅग्नेशियाला (स्लॅगमधलाच दुसरा फुगणारा घटक) मात्र साध्या पाण्यात महिने-वर्षं लागतात, ते रस्त्यावर नाही, इथं लॅबमध्येच दिसलं पाहिजे.

एक स्टार कापला तो लाईटचा. रात्री लाईट गेली, हीटर बंद, सकाळी पाणी कोमट. स्वतः फोन करून सांगितलं अन् दिवस वाढवले, हे चांगलं केलं, पण जनरेटर ठेवा ना राजेहो. जीएसटी पण बिलाच्या वेळेसच सांगितला.

चार महिने ढिगावर पाणी मारलं, जेसीबीने पलटवला, परत टेस्ट केली तर 0.21 वर थांबलं, लिमिटच्या आत. सप्लायर अजून म्हणते त्या दुसऱ्या लॅबचा 'निल'वालाच रिपोर्ट लावून टाका.

सॅम्पल नेणाऱ्यांनी ढिगाच्या आतून चार-पाच जागचं काढा, अन् पोतं डब्बल घ्या, माझं डिक्कीतच फाटलं.