प्लास्टिक फ्रॉगचे एचओ पॉइंट: लूप लाइनला चालतील, यार्डात नकोत

मॉडेल रेल्वेच्या एचओ (१:८७ प्रमाणाच्या) सेटबरोबर आलेले हे पॉइंट, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारे सांधे, गेले कित्येक महिने वापरतोय. रूळ, डबे, कंट्रोलर यांबद्दल तक्रार नाही. वैताग आणलाय तो फ्रॉगने, म्हणजे पॉइंटमध्ये दोन रूळ एकमेकांना छेदतात त्या तुकड्याने. इथे तो प्लास्टिकचा, वीज नसलेला आहे.

गाडी पॉइंटवरून जाताना मधूनच अख्खा लेआउट (रुळांची मांडणी) बंद पडायचा. डीसीसीत (रुळांतूनच डिजिटल आज्ञा देऊन गाड्या चालवायच्या पद्धतीत) एका जागी शॉर्ट झाला की कंट्रोलर ट्रिप होतो आणि पार दुसऱ्या टोकाची गाडीसुद्धा उभी राहते. कंपनीला कळवलं. उत्तर आलं, रूळ आणि चाकं साफ करा. केली. पुन्हा कळवलं, पुन्हा तेच उत्तर! अहो, घाणीने वीज तुटते, शॉर्ट होत नाही. सर्व्हिसवाल्यांना एवढंही माहीत नसावं याचा अजून राग येतो.

उलगडा केला आमच्या मॉडेल रेल्वेवाल्या मित्रांतल्या एका जुन्या जाणत्या काकांनी. म्हणाले, "इंजिन बाजूला ठेव. पॉवर चालू, खोलीतला दिवा बंद, आणि धातूच्या चाकांची एक वॅगन हाताने ढकल." फ्रॉगच्या पुढच्या टोकाशी निळसर ठिणगी उडालेली स्पष्ट दिसली. तिथे उलट पोलॅरिटीचे (विजेच्या विरुद्ध टोकांना जोडलेले) दोन रूळ अगदी जवळ येतात. चाक साधारण २.८ मिमी रुंद, ते दोन्हींना एकदम टेकतं. त्या दोन टोकांवर पारदर्शक नेलपॉलिशचा पातळ थर दिला, नीट सुकू दिला आणि शॉर्ट थांबला. घरात पडून असलेल्या बाटलीत काम झालं. थर झिजतो, मग पुन्हा लावायचा, एवढंच.

इतका खूश झालो होतो की याच पॉइंटनी यार्ड (डबे उभे करायचे आणि जुळवायचे रूळ) वाढवणार होतो. पण चार चाकांचं शंटिंग इंजिन हळू नेलं की फ्रॉगवर थबकतं, आणि नेलपॉलिशमुळे वीज नसलेला तुकडा अजून लांबतो. सहा एक्सलच्या इंजिनाला फरक पडत नाही. त्याची काही चाकं कायम वीज असलेल्या रुळावर असतात. दर वेळी बोटाने ढकलायचं तर ते शंटिंग कसलं? इंजिनात कपॅसिटर (वीज तुटली तर क्षणभर पुरवणारा भाग) बसवा असं काहींनी सुचवलं. उपाय चांगला आहे, पण एवढ्याशा बॉडीत जागा कुठली, आणि पॉइंटच्या दोषापायी प्रत्येक इंजिनावर खर्च मी तरी करणार नाही.

शेवटी प्लॅनचा कागद सगळ्यांपुढे पसरला आणि त्या गप्पांतून खरी वाट निघाली. प्लास्टिक फ्रॉगवाले पॉइंट लूप लाइनला (मेन लाइनमधून फुटून पुन्हा तिलाच मिळणाऱ्या रुळाला) हलवले, तिथे मोठीच इंजिनं जातात. यार्डासाठी लाइव्ह फ्रॉगचे (धातूचा, वीज असलेला फ्रॉग) मोजके नवे घेतले. एकाने लूपच्या तोंडाशी होणारा एस-कर्व्ह दाखवला: उलटसुलट वळणांमध्ये सर्वांत लांब डब्याएवढा सरळ रूळ हवा. ८५ फुटी डबा १:८७ मध्ये सुमारे ३० सेमी भरतो, तेवढी जागा काढली आणि डबे घसरायचे थांबले. काठापासून ७५ सेमीच्या पलीकडे पॉइंट ठेवू नका, हात पोचत नाही, हाही सल्ला मोलाचा.

तेव्हा सेटमधले पॉइंट टाकून देऊ नका, जागा बदला. लाइव्ह फ्रॉग घेतलेत तर पॉइंटबरोबर फ्रॉगची पोलॅरिटी बदलणारा मायक्रोस्विच त्याच दिवशी जोडा. पॉइंटच्या सरकत्या पात्यांच्या नुसत्या रुळाला टेकण्यावर भरवसा ठेवला तर तिथे कचरा साचून फ्रॉगची वीज जाते.