आयपीआरएसचं सदस्यत्व: गीतकार-संगीतकारांनी घ्यावंच, गायकांनी आधी हे वाचावं

गाण्याच्या व्यवसायात बिदागी एकदाच मिळते, रॉयल्टी मात्र गाणं वाजत राहील तोवर येऊ शकते. ‘येऊ शकते’ असं म्हणायचं कारण म्हणजे ती आपोआप येत नाही. गाण्याचे शब्द आणि चाल सार्वजनिकरीत्या वापरणाऱ्यांकडून पैसे गोळा करून ते गीतकार, संगीतकार आणि प्रकाशकांना (म्हणजे गाण्याचे हक्क ज्यांच्याकडे गेलेत अशा कंपन्यांना) वाटायचं काम भारतात ‘इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी’ म्हणजे आयपीआरएस करते. ही संस्था १९६९ पासून आहे आणि तिचं मुख्य कार्यालय मुंबईत आहे. २०१२ साली गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीचा हक्क राखणारी दुरुस्ती कॉपीराइट कायद्यात झाली. जावेद अख्तर यांनी राज्यसभेत ती लावून धरली होती. त्यानंतर नोव्हेंबर २०१७ मध्ये संस्थेची कायद्यानुसार नव्याने नोंदणी झाली. जुन्या काळात ‘तिथून काही मिळत नाही’ असं ऐकून ज्यांनी हा विषय सोडून दिला, त्यांनी २०१७ नंतरची आयपीआरएस वेगळी धरून पुन्हा विचार करावा.

आमचं मत आधीच सांगतो. स्वतः गीत लिहिणाऱ्या किंवा चाल बांधणाऱ्या आणि निदान एक गाणं प्रसिद्ध झालेल्या माणसाने सदस्य व्हावंच. पण फक्त सदस्य होऊन कुणाला दमडी मिळत नाही. खरं काम गाण्यागणिक नोंदणीचं आहे आणि बहुतेक तक्रारींचं मूळ तिथेच सापडेल.

आधी एक मोठा गोंधळ दूर करू. एका ध्वनिमुद्रित गाण्यात किमान तीन वेगवेगळे हक्क असतात. शब्द आणि चाल ही ‘कृती’ असते. स्टुडिओत तयार झालेलं ध्वनिमुद्रण त्याहून वेगळं, आणि गायक-वादकांचा सादरीकरणाचा हक्क आणखी वेगळा. आयपीआरएस फक्त पहिल्याचे पैसे पाहते. ध्वनिमुद्रणाचे पैसे त्याच्या मालकाचे, म्हणजे संगीत कंपनीचे किंवा तुम्ही स्वतः खर्च केला असेल तर तुमचे. ते स्ट्रीमिंगवर वितरकामार्फत मिळतात, आणि जाहीर वाजवणुकीचे पीपीएलसारख्या (फोनोग्राफिक परफॉर्मन्स लिमिटेड) संस्था गोळा करतात. गायकांसाठी ‘इस्रा’ ही संस्था निघाली. पुढे वादकांनाही सामावून घेत तिचं नाव ‘इसामरा’ झालं. त्यामुळे जो गायक फक्त इतरांनी बांधलेली गाणी गातो, त्याला आयपीआरएसमधून काही मिळणार नाही. तबलजी, हार्मोनियमवाले आणि परंपरेतल्याच बंदिशी गाणाऱ्या शास्त्रीय गायकांचंही तेच. हा संस्थेचा दोष नव्हे, दार चुकलेलं असतं इतकंच.

उलट बाजूचा गैरसमज तरुण मंडळींमध्ये जास्त दिसतो. डिस्ट्रोकिड, ट्यूनकोअर किंवा सीडी बेबीसारख्या वितरकाकडून गाणं स्पॉटिफायवर चढवलं की सगळे पैसे तिथूनच येतात, असं त्यांना वाटतं. वितरक फक्त ध्वनिमुद्रणाच्या बाजूचे पैसे देतो. त्याच स्ट्रीममधला शब्द-चालीचा वाटा वेगळ्या वाटेने जातो, आणि तुम्ही कुठल्याच संस्थेचे सदस्य नसाल तर तो घ्यायला कुणी नसतं.

प्रवेश ऑनलाइन होतो. पॅन, ओळख व पत्त्याचा पुरावा, छायाचित्र, रद्द केलेला धनादेश, वारसाचं नामनिर्देशन आणि प्रसिद्ध झालेल्या गाण्याचा पुरावा हाताशी ठेवा. पुरावा म्हणजे अल्बमचं मुखपृष्ठ, श्रेयनामावली किंवा स्ट्रीमिंगवरचा दुवा, ज्यात गीतकार-संगीतकार म्हणून तुमचं नाव दिसतं. इथेच अनेक जण अडकतात. गाणं यूट्यूबवर असतं, पण वर्णनात गायकाचं, निर्मात्याचं आणि स्टुडिओचं नाव असतं, चाल बांधणाऱ्याचं नसतं. अर्ज करण्याआधी ते दुरुस्त करून घ्या. पॅनवरचं, बँकेतलं आणि श्रेयनामावलीतलं नाव वेगवेगळं असेल तर कायदेशीर नाव पॅनप्रमाणे द्या आणि मंचावरचं नाव टोपणनाव म्हणून जोडा. शाहीर, कीर्तनकार आणि लोककलावंतांच्या बाबतीत हे हमखास घडतं. गावच्या नावाने किंवा पदवीने प्रसिद्ध असलेल्या माणसाचं कागदावरचं नाव कुणालाच माहीत नसतं.

अर्ज आणि करारपत्र इंग्रजीत आहेत. मराठी गाण्यांचा एवढा मोठा साठा ज्या संस्थेच्या हातून जातो, तिने करारपत्राचा मराठी गोषवारा तरी द्यायला हवा. करार वाचल्याशिवाय सही करू नका, कारण ती निव्वळ सभासदत्वाची पावती नसते. तुम्ही शब्द-चालीचे सार्वजनिक सादरीकरणाचे (जाहीरपणे वाजवण्याचे) आणि यांत्रिक प्रतींचे (ध्वनिमुद्रित प्रती काढण्याचे) हक्क संस्थेकडे सोपवता. त्यानंतर एखाद्या हॉटेलला किंवा वाहिनीला ‘माझी गाणी फुकट वाजवा’ अशी परवानगी तुम्ही स्वतः देऊ शकत नाही. चित्रपटात किंवा जाहिरातीत दृश्याबरोबर गाणं वापरण्याची परवानगी मात्र यात येत नाही, ती तुम्ही किंवा तुमचा प्रकाशक स्वतंत्रपणे ठरवतो. अमेरिकेत किंवा ब्रिटनमध्ये राहणारे मराठी संगीतकार आधीच एस्कॅप, बीएमआय किंवा पीआरएस या तिथल्या अशाच संस्थांचे सदस्य असतील, तर एकाच हक्कासाठी आणि एकाच प्रदेशासाठी दोन संस्थांत नाव घालता येत नाही. एकतर एकच ठेवा, नाहीतर कोणत्या देशासाठी कोणती संस्था हे लेखी ठरवा.

सदस्य झाल्यावर तुम्हाला आयपीआय क्रमांक मिळतो. तो गीतकार-संगीतकाराची जगभर चालणारी ओळख आहे. तो वहीत, ईमेलच्या सहीत आणि प्रत्येक करारात लिहून ठेवा. प्रत्येक कृतीला आयएसडब्ल्यूसी क्रमांक असतो, तो ‘टी’ या अक्षराने सुरू होतो. ध्वनिमुद्रणाला १२ अक्षर-अंकांचा आयएसआरसी असतो, जो सहसा वितरक किंवा कंपनी देते. एका कृतीची तीन ध्वनिमुद्रणं असतील, समजा मूळ, अनप्लग्ड आणि मैफलीतलं, तर आयएसआरसी तीन आणि आयएसडब्ल्यूसी एकच. कृतीच्या नोंदीत तिन्ही आयएसआरसी जोडले नाहीत, तर स्ट्रीमिंग कंपनीकडून आलेल्या वापराच्या यादीशी तुमची कृती जुळत नाही आणि पैसे ‘न जुळलेले’ म्हणून पडून राहतात. या सेवेबद्दल एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल, तर हीच.

दुसरी गफलत शीर्षकाची. नोंद रोमन लिपीत होते आणि मराठी शब्द रोमन लिपीत लिहायची शिस्त आपल्याकडे कुणालाच नाही. ‘विठ्ठला’मध्ये एक ‘टी’ की दोन, ‘पाऊस’मध्ये ‘ओ’ की ‘यू’, हे वितरकाने एका तऱ्हेने लिहिलेलं असतं, रेडिओने दुसऱ्या आणि तुम्ही तिसऱ्या. पर्यायी शीर्षकांची जागा त्यासाठीच आहे. तिथे संभाव्य सगळी स्पेलिंग भरा, शिवाय लोक ज्या नावाने गाणं ओळखतात ते मुखड्याचे पहिले दोन-तीन शब्दही घाला. पुष्कळ मराठी गाण्यांचं शीर्षक एक आणि लोकांच्या तोंडी असलेलं नाव दुसरं असतं.

वाट्यांची बेरीज शंभरच भरली पाहिजे. संगीत कंपनीकडे किंवा प्रकाशकाकडे हक्क गेलेल्या गाण्यात नेहमीची वाटणी म्हणजे कंपनीला ५० टक्के, गीतकाराला २५ आणि संगीतकाराला २५. संगीतकारांची जोडी असेल तर प्रत्येकी साडेबारा. तुम्ही गाणं स्वतःच्या खर्चाने काढलं आणि कुणालाही हक्क दिले नाहीत, तर मधला प्रकाशक उरत नाही आणि शब्द व चाल निम्मे-निम्मे होतात. संगीत संयोजकाने फक्त वाद्यमेळ बसवला असेल तर तो आपोआप संगीतकार होत नाही. त्याला वाटा द्यायचा असेल तर नोंदणीच्या आधी कागदावर ठरवा. दोघांनी एकाच गाण्यावर वेगवेगळ्या टक्केवारीने दावा नोंदवला की वाद मिटेपर्यंत पैसे अडकतात. साधा उपाय म्हणजे स्टुडिओतून बाहेर पडण्यापूर्वी एका पानावर गाण्याचं नाव, प्रत्येकाची भूमिका, टक्के आणि सह्या. व्हॉट्सअपवर ‘हो रे, निम्मं-निम्मं’ लिहिलेलं असेल, तरी काहीच नसण्यापेक्षा ते बरं.

अभंगांना चाल लावणाऱ्यांसाठी थोडं सविस्तर. तुकारामांचे किंवा ज्ञानेश्वरांचे शब्द कुणाच्याही मालकीचे नाहीत. तुम्ही नवी चाल बांधलीत तर चालीची नोंद स्वतःच्या नावावर करा आणि शब्दांच्या जागी ते सार्वजनिक मालकीचे असल्याचं लिहा. स्वतःचं नाव गीतकार म्हणून घालू नका. हाच अभंग आणखी पन्नास जणांनी नोंदवलेला असतो आणि खोटा दावा लगेच आपटतो. दुसऱ्या बाजूने, शब्द मोकळे असले तरी प्रसिद्ध चाल मोकळी नसते. कॉपीराइट कर्त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो. श्रीनिवास खळे २०११ मध्ये गेले, म्हणजे अभंगांना त्यांनी लावलेल्या चाली २०७१ च्या अखेरपर्यंत संरक्षित आहेत. गदिमा १९७७ मध्ये गेले, त्यांचे शब्द २०३७ अखेर मोकळे होतील. भा. रा. तांबे १९४१ मध्ये गेले, त्यांच्या कवितांना आज नवी चाल लावायला परवानगी लागत नाही. जुन्या गाण्याचं कव्हर करून ते ‘माझी कृती’ म्हणून आयपीआरएसकडे नोंदवणं हा तर सरळ गुन्ह्याला आमंत्रण देण्याचा प्रकार आहे, आणि हल्ली तो वाढलाय.

मालिकांचे पैसे क्यू शीटवर, म्हणजे प्रत्येक भागात वाजलेल्या संगीताच्या यादीवर, अवलंबून असतात. भाग क्रमांक, संगीताचं नाव, गीतकार-संगीतकार, शीर्षकगीत की पार्श्वसंगीत, आणि वापर किती सेकंद, एवढं त्यात असतं. ती निर्मिती संस्थेने किंवा वाहिनीने द्यायची असते. नाही दिली, की दोन-दोन वर्षं रोज संध्याकाळी घराघरांत वाजणाऱ्या शीर्षकगीताच्या संगीतकारालाही पूर्ण वाटा मिळत नाही. करारातच एक ओळ घाला: क्यू शीट प्रक्षेपणानंतर ठरावीक दिवसांत सादर करावी आणि तिची प्रत संगीतकाराला द्यावी. निर्माते याला फारसा नकार देत नाहीत, कारण यात त्यांचा खर्च काही नाही. फक्त आळस आड येतो.

मैफली आणि वाद्यवृंदांसाठी परवाना आयोजकाने कार्यक्रमापूर्वी घ्यायचा असतो. गाण्यांची यादी दिली नाही तर जमा झालेली रक्कम कोणाची हे संस्थेला कळत नाही. कार्यक्रम संपल्यावर गाणं, गीतकार, संगीतकार आणि मिनिटं अशी चार रकान्यांची यादी आयोजकाकडून पाठवून घ्या. हौशी आयोजकांकडून हे सहसा राहून जातं, तेव्हा यादी स्वतः तयार करून त्यांच्या हातात द्यावी. लंडनला किंवा न्यू जर्सीला मराठी मंडळात तुमची गाणी झाली, तर पैसे तिथली संस्था गोळा करते आणि परस्पर करारातून ते आयपीआरएसकडे येतात. वेळ लागतो, पण आयपीआय आणि आयएसडब्ल्यूसी नीट असतील तर वाट मोकळी असते.

एकरकमी पैसे देऊन सगळे हक्क घेणाऱ्या ‘बायआउट’ करारांबद्दल एक कलम तोंडपाठ असू द्या. २१ जून २०१२ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार गीतकार किंवा संगीतकार आपल्या रॉयल्टीच्या समान वाट्याचा हक्क कंपनीला सोडून देऊ शकत नाही. तो वारसांकडे किंवा कॉपीराइट संस्थेकडेच सोपवता येतो. त्यामुळे ‘सर्व रॉयल्टी हक्क कायमचे त्यागत आहे’ असं वाक्य करारात असलं, तरी त्याने घाबरून आयपीआरएसची नोंदणी टाळू नका. करारात हक्क देण्याची मुदत लिहिलेली नसेल तर ती ५ वर्षं आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत, असं कायदा धरतो. छोट्या कंपन्यांच्या घाईत छापलेल्या करारांत या दोन जागा बऱ्याचदा रिकाम्याच असतात, आणि त्या भरून घेण्याची घाई तुम्हीच करायची काही गरज नाही.

पैसे किती मिळतात? नव्या माणसाने मोठ्या आशा बाळगू नयेत. एखाद-दोन गाणी आणि काही हजार स्ट्रीम एवढ्यावर स्टेटमेंट आलं तरी रक्कम चहापाण्याची असेल. फरक पडतो तो मालिका, रेडिओ आणि सतत वाजणाऱ्या गाण्यांनी. रकमेवर १० टक्के करकपात होते, पॅनमध्ये घोळ असेल तर २० टक्के. वर्षअखेरीला प्राप्तिकर खात्याच्या करकपातीच्या वार्षिक विवरणात ती दिसते का पाहा. विवरणपत्र भरताना ती देय करातून वजा होते, जास्त कापली गेली असेल तर परत मागता येते आणि कलावंत हे हमखास विसरतात.

संस्थेच्या बाजूने सांगायचं तर २०२१ च्या नियमांनंतर कॉपीराइट संस्थांना वार्षिक पारदर्शकता अहवाल प्रसिद्ध करावा लागतो, आणि २०२० च्या टाळेबंदीत आयपीआरएसने सदस्यांना तातडीची मदतही दिली. उणीव मराठीपुरती सांगायची तर पुण्या-मुंबईबाहेरच्या शाहिराला, वगनाट्याच्या लेखकाला किंवा वाघ्या-मुरळीची गाणी रचणाऱ्याला या दारापर्यंत आणणारं कुणी दिसत नाही. त्याच्या गाण्यांवर यूट्यूबवरची एखादी ‘म्युझिक’ नावाची वाहिनी पैसे कमावते आणि नाव ‘पारंपरिक’ म्हणून जातं. अशा रचनाकाराला अर्ज भरून देण्यासाठी लागतो एक अर्धा दिवस आणि इंग्रजी वाचणारा एक भाचा.

नामनिर्देशनाचा रकाना मात्र रिकामा सोडू नका. रॉयल्टी मृत्यूनंतरही ६० वर्षं चालते, पण ती घ्यायला वारसाला मृत्यूचा दाखला, वारसाहक्काचे कागद आणि कृतींची यादी द्यावी लागते. यादी आधीच नोंदलेली असेल तर काम काही आठवड्यांचं. नसेल तर नातवंडांना जुन्या कॅसेटच्या पाठीवरची बारीक अक्षरं भिंगातून वाचत बसावं लागतं.