पुसी विलो: न्यू जर्सीच्या बॅकयार्डमध्ये दीड वर्षानंतर

आधी निकाल. मार्चमध्ये, फोर्सिथियाही पिवळी झालेली नसते तेव्हा, चंदेरी बोंडांनी भरलेलं झुडूप हवं असेल आणि पावसाचं पाणी रेंगाळणारा एखादा उन्हाचा कोपरा रिकामा असेल, तर पुसी विलो जरूर लावा. कोपरा कोरडा असेल किंवा जवळून सिवरचा पाइप जात असेल, तर नाद सोडा. आणि एक लक्षात ठेवा: एप्रिलच्या मध्यानंतर हे एक साधं हिरवं झुडूप आहे. उन्हाळ्यात त्याच्याकडे कोणी वळूनही बघणार नाही.

खरी फसगत होते ती खरेदीत. विलोमध्ये नर आणि मादी झाडं वेगळी असतात. बोंडं दोघांनाही येतात, पण भरदार, लोकरी आणि पुढे पिवळ्या परागांनी फुलणारी बोंडं नराची. मादीची बारीक आणि हिरवट. लेबलवर नर असं लिहिलेलं नसेल तर नर्सरीत विचारा. बियांपासून केलेलं रोप असेल तर नर निघेल की मादी, हे फुलल्याशिवाय कळत नाही. म्हणून काडीपासून वाढवलेलंच घ्यावं. मूळ झाड नर असेल तर काडीही नरच.

दुसरा घोळ जातीचा. इथलं देशी झुडूप म्हणजे सॅलिक्स डिस्कलर. पण ‘पुसी विलो’ या नावाखाली बऱ्याचदा युरोपातलं सॅलिक्स कॅप्रिआ विकलं जातं. त्याची बोंडं मोठी असतात, पण खोडाला कॅंकर (साल काळी पडून खोल डाग पाडणारा रोग) लवकर लागतो. छत्रीसारखं लोंबणारं छोटं झाड दिसलं, तर ते कॅप्रिआचं कलम उंच खोडावर बांधलेलं असतं. त्यात जोडाच्या खाली फुटणारे धुमारे दिसताक्षणी खुडावे लागतात. राहिले तर सरळ वाढून वरचं कलम मारतात. काळी बोंडं हवी असतील तर जपानी सॅलिक्स ग्रॅसिलिस्टायलाचा ‘मेलॅनोस्टॅकिस’ हा प्रकार. काळ्यातून आधी लाल आणि मग पिवळे पुंकेसर बाहेर येतात. फुलदाणीत तो भाव खाऊन जातो, पण एकच लावायचं असेल तर आमचं मत डिस्कलरलाच. मार्चमध्ये बाहेर पडणाऱ्या भुंग्यांच्या राण्यांना त्याचे पराग मिळतात आणि मोर्निंग क्लोक फुलपाखराच्या अळ्या त्याची पानं खातात.

लावणं सोपं आहे. खड्डा मुळांच्या गोळ्याएवढाच खोल, रुंदी दुप्पट. चिकण माती चालते. खत नको, नायट्रोजन जास्त झाला की लुसलुशीत फुटवा येतो आणि त्यावर मावा बसतो. दोन-तीन इंच मल्च (मातीवर पसरायचा लाकडी भुसा) घाला, पण खोडाला चिकटवू नका. पहिल्या उन्हाळ्यात आठवड्याला इंचभर पाणी लागतंच. जुलैत पानांच्या कडा करपल्या तर बहुतेक वेळा पाणी कमी पडलेलं असतं. दोन झुडपांत सहा ते आठ फूट, आणि घराचा पाया, सिवर, सेप्टिकचं लीच फील्ड (टाकीतलं सांडपाणी जिरवायची जागा) यांच्यापासून निदान 30 फूट अंतर ठेवा. मुळं शाबूत पाइप फोडत नाहीत, पण सांध्यातून पाझर असेल तर आत शिरून जाळं करतात.

रोप विकत घ्यायचं नसेल तर कोणाकडून तरी काड्या मागा. फेब्रुवारी-मार्चमध्ये, पानं फुटण्याआधी, पेन्सिलीएवढ्या जाड आणि 10-12 इंच लांब काड्या घ्या. खालचा काप तिरका आणि वरचा आडवा ठेवा, म्हणजे उलटी खोचली जात नाही. दोन-तीन डोळे वर ठेवून बाकी काडी जमिनीत. रूटिंग पावडरची गरज नाही. पाण्याच्या बाटलीतही मुळं फुटतात, पण ती ठिसूळ असतात आणि मातीत नेताना तुटतात. थेट जमिनीत खोचलेलं बरं. काड्या मरतात त्या बहुधा जूनमध्ये, भोवतालच्या गवताने ओल पळवल्यामुळे. भोवती फूटभर जागा उघडी ठेवा.

छाटणीची वेळ चुकली की पुढचं वर्ष वाया. पुढच्या वसंतातल्या कळ्या आदल्या उन्हाळ्यातच धरतात, त्यामुळे ऑक्टोबरमध्ये कात्री चालवली तर मार्चमध्ये नुसत्या काड्या दिसतात. बोंडं गळू लागली की लगेच छाटा. जुन्या खोडांपैकी साधारण एक तृतीयांश दरवर्षी बुडापासून काढा. लांब, सरळ काड्या नव्या फुटव्यालाच येतात.

फुलदाणीसाठी काड्या फेब्रुवारीत कापायच्या. नीट पाहिलं तर कळ्या दोन तऱ्हेच्या दिसतात: काडीला चिकटलेल्या बारीक कळ्या पानांच्या, फुगलेल्या बोंडांच्या. प्रत्येक बोंडावर एकच तपकिरी खवलं असतं. ते टचकन निघतं आणि आत राखाडी लोकर दिसते. काड्या कोमट पाण्यात ठेवा, पाणी दर तीन-चार दिवसांनी बदला. एक ते तीन आठवड्यांत बोंडं उघडतात. ती चंदेरी झाली की काड्या पाण्याबाहेर काढून कोरड्या फुलदाणीत ठेवा, वर्षभर तशाच राहतात. पाण्यात विसरल्या तर टेबलक्लॉथवर पिवळे पराग सांडतात.

आता त्रास. हरणं कोवळे शेंडे खातात आणि शरदात नर हरणं शिंगं घासून साल सोलतात. पहिली काही वर्षं पाच फुटी जाळी हवीच. सशांसाठी बुडाशी हार्डवेअर क्लॉथ, म्हणजे बारीक तारेची जाळी, आणि बर्फ साचल्यावरही वर उरेल इतकी उंच. निळसर काळे, चकाकणारे छोटे भुंगेरे आणि त्यांच्या अळ्या पानांची चाळणी करतात. पाण्याचा जोरदार फवारा मारा. रुजलेलं झुडूप एवढ्याने मरत नाही. फुलोऱ्यावर कीटकनाशक मारायचं नाही, तिथे मधमाश्या असतात. काळे, खोल गेलेले डाग फांदीवर दिसले तर कोरड्या दिवशी डागाच्या बरंच खाली, निरोगी लाकडात कापा आणि प्रत्येक कापानंतर कात्री 70 टक्के अल्कोहोलने पुसा.

पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांसाठी बॅगेतून काड्या नेऊ नका. परमिट आणि फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट (झाडाला कीड-रोग नसल्याचा सरकारी दाखला) यांच्याशिवाय ते नियमबाह्य आहे, आणि पुरेशा थंडीशिवाय हे झुडूप तिथे नीट फुलणारही नाही. त्यांना ओढ्याकाठचा वाळुंज दाखवा. तोही विलोच, फक्त त्याच्या तुऱ्यांना ही लोकर नाही.